एमआरआयवरचा काळा डाग म्हणजे जिवंत पेशी का?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन बाबांची डावी बाजू लुळी पडली. एका दवाखान्यात म्हणाले, सलाइनमधून स्टेम सेल (नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी) देऊ आणि तीन महिन्यांनी त्या मेंदूत बसल्याचं एमआरआयवर दाखवू. असं खरंच दिसतं का? घरात दागिने मोडायचं चाललंय.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, दागिने मोडू नका. मी वाशीत वर्षानुवर्षं एमआरआयचे रिपोर्ट लिहिते, म्हणून आधी दिसण्याचंच सांगते. नेहमीच्या एमआरआयला साधारण एक मिलिमीटरपर्यंतचं कळतं. पेशी त्याच्या शंभराव्या भागाएवढी. तिच्यावर आधी खूण केलेली नसेल, तर ती दिसणारच नाही. खूण कशाची करणार, हे त्यांना पहिलं विचारा.

बहुधा ती लोहाची असते. लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण प्रयोगशाळेतच पेशींत भरतात, मग एमआरआयवर तिथे काळा डाग उमटतो. शांघायच्या डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या मेंदूत अशा पेशी सोडून त्यांचा माग काढला. ते २००६ साली प्रसिद्ध झालं. फार मोलाचं काम. पण दिसतं ते लोह. पेशी मेली तरी मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी ते लोह गिळून तिथेच राहतात आणि डाग तसाच राहतो. उलट पेशी जगून वाढल्या, तर दर विभाजनाला लोह वाटलं जाऊन डाग फिकट होतो! बाबांच्या बाबतीत आणखी एक पंचाईत आहे. जुन्या रक्तस्रावातलं लोहही असंच काळं दिसतं. त्यावर बोट ठेवून कुणी ‘या बघा पेशी’ म्हणालं, तर घरच्यांनी ओळखायचं कसं? याचा मला फार त्रास होतो.

पेशी जिवंत आहे का, हे पेट स्कॅनने (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढतात त्या स्कॅनने) पाहता येतं, पण त्यासाठी तिच्यात आधी वेगळं जनुक घालावं लागतं. ते अजून संशोधनातच आहे.

आणि शिरेतून दिलेल्या पेशी तर बऱ्याचशा आधी फुफ्फुसांतच अडकतात.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे काही आजार वगळता स्टेम सेल मंजूर चाचणीतच देता येतात. अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते; तिथला नोंदणी क्रमांक लेखी मागा. फिजिओथेरपी थांबवू नका. बाबांच्या पहिल्या एमआरआयची सीडी जपून ठेवा. पुढे कुणी डाग दाखवलाच, तर तो आधीपासून होता का, हे तीवरूनच कळेल.