एनएफएला घाबरू नकोस, पण गृहीतही धरू नकोस

एनएफए म्हणजे शब्द एकेक अक्षर वाचत अवस्था बदलणारं असं काल्पनिक यंत्र, ज्याला एका पावलाला अनेक वाटा घेता येतात; एकही वाट शेवटी स्वीकार-अवस्थेत पोचली, तर शब्द स्वीकारला. डीएफएला मात्र दर पावलाला एकच वाट असते. राबिन आणि स्कॉट या संगणकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवलं की एनएफएच्या n अवस्थांवरून जास्तीत जास्त २ⁿ अवस्थांचा डीएफए बनतो. हे वाचून मान डोलावून पुढे जाऊ नकोस. कागद घे आणि 'शेवटून तिसरं अक्षर १' असलेल्या ०-१ शब्दांची भाषा, म्हणजे त्या शब्दांचा संच, ओळखणारी यंत्रं काढ. एनएफएला ४ अवस्था पुरतात, डीएफएला मात्र ८ लागतातच. तिसऱ्याऐवजी दहावं अक्षर घेतलंस तर ११ विरुद्ध १०२४! कारण सोपं आहे: डीएफएला शेवटची दहा अक्षरं लक्षात ठेवावीच लागतात. दोन वेगळ्या दहा-अक्षरी शब्दांना एकच अवस्था दिलीस, तर पुढे योग्य तितकी शून्यं जोडून मी तुला चुकीचं ठरवीन.

पण प्रत्यक्षात डीएफए बांधायची गरजच काय? शब्द वाचताना शक्य अवस्थांचा संच सोबत ने, काम बहुपदी वेळेत होतं, म्हणजे वेळ २ⁿ सारखा फुगत नाही.

आणि हो, पूरक भाषेसाठी (मूळ भाषेत नसलेले सगळे शब्द) एनएफएच्या स्वीकार-अवस्था नुसत्या उलटवू नकोस; एकाच शब्दाची एक वाट स्वीकार-अवस्थेत आणि दुसरी बाहेर संपू शकते. मीही परीक्षेत हेच करून गुण घालवले होते. एनएफए सगळेच शब्द स्वीकारतो का, म्हणजे पूरक भाषा रिकामी आहे का, हा प्रश्न पीस्पेस-पूर्ण आहे, म्हणजे बहुपदी स्मृतीत सुटणाऱ्या प्रश्नांतल्या सर्वांत अवघडांपैकी एक. भाषा रिकामी आहे का, हे मात्र आलेखात वाट शोधण्याइतकं सोपं.