वाचक विचारतात : व्होझच्या जंगलातले घाट आणि रोड सायकल

फ्रान्सच्या ईशान्येला, आल्सासच्या मैदानाला लागून व्होझ डोंगररांग उभी आहे. तिथल्या सायकल-मार्गांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आल्प्सची उंची नको, पण घाट हवेत, म्हणून आम्ही तिघांनी व्होझ ठरवलं आहे. कड्यावरून जाणारा रूत दे क्रेत एका दिवसात होईल का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : हा रस्ता उत्तरेच्या कोल द्यु बोनोमपासून (949 मीटर) दक्षिणेला सेर्नेपर्यंत सुमारे 77 किलोमीटर आहे. कोल्मारहून बोनोमपर्यंत चढून जायचे साधारण 30 किलोमीटर त्यात धरलेले नाहीत. पाय तयार असतील तर एका दिवसात होतो. तरीही आमचं मत विचाराल तर उत्तरेचा तुकडा सोडून द्या. बोनोमला नेणाऱ्या डी415 वर वाहनांची वर्दळ फार, आणि कड्यावरचा खरा मोकळा भाग पुढेच लागतो.

त्यापेक्षा कोल्मारहून मेत्सेरालकडे जाणारी छोटी टेर (प्रादेशिक रेल्वे) गाडी पकडा आणि मुन्स्टरला उतरा. गाव साधारण 380 मीटरवर आहे. तिथून डी417 ने कोल द ला श्लुख्त (1139 मीटर) सुमारे 17 किलोमीटर लांब, सरासरी साडेचार टक्के. चढ एकसारखा आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी अंगात लय भरायला याहून बरा घाट नाही. वर डावीकडे डी430 धरायचा. होनेक शिखराच्या कुशीतून रस्ता खालीवर होत मार्कस्टाइनला पोचतो. तिथून डी431 ने ग्रां बालों. शिखर 1424 मीटर, रांगेतलं सर्वांत उंच, पण रस्ता 1343 मीटरच्या आसपासच माथा गाठतो. मग व्येय आर्मांच्या रणभूमीवरून सेर्नेपर्यंत उतार, आणि सेर्नेहून म्युलूझची गाडी. सगळं मिळून सुमारे 70 किलोमीटर आणि 1200 ते 1300 मीटर चढ.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. दमलेल्या पायांना शेवटी हजार मीटरचा उतार मिळतो आणि तो रेल्वे स्टेशनाशी संपतो. वाऱ्याच्या दृष्टीने मात्र दिशा बदलून फारसा फरक पडत नाही, कारण तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे बाजूने येतो. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने आघाडीला रसद पोचवायला हा रस्ता बांधला. पूर्वेकडच्या जर्मन तोफांना दिसू नये म्हणून तो बराचसा कड्याच्या पश्चिम अंगाने नेला. ती आडोशाची बाजू आज वाऱ्याच्या तोंडी आहे. जंगल संपून गवताळ माळ सुरू झाला की हँडलबारवरचे दोन्ही हात पक्के ठेवा. खोल रिमची चाकं इथे घरी ठेवलेली बरी.

हिवाळ्यात कड्यावरचा बराच भाग बर्फामुळे बंद असतो, साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत. घाटाच्या पायथ्याशी पाटी असते : ‘उव्हेर’ म्हणजे खुला, ‘फेर्मे’ म्हणजे बंद. रविवारी दुपारी मोटारसायकलींचा गोंगाट असतो, तेव्हा शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडा.

प्रश्न : माझ्या सायकलला पुढे 50/34 दातांच्या दोन चकत्या आणि मागे 11-28 दातांचे गिअर आहेत. हे घाट बाराशे-तेराशे मीटरचेच, मग एवढं पुरेल ना?

उत्तर : श्लुख्तला पुरेल. बाकी ठिकाणी गुडघे तक्रार करतील. व्होझमध्ये शिखराची उंची बघून अंदाज बांधणं हीच मुख्य फसगत आहे. घाट छोटे, पण जुन्या वनरस्त्यांवरून सरळ वर घुसणारे. पती बालों 9.3 किलोमीटर, सरासरी 8.1 टक्के. सोंडरनाखच्या बाजूने प्लात्सरवाझेल 7.1 किलोमीटर, 8.4 टक्के. 2023 च्या तूर द फ्रान्सने विसाव्या टप्प्यात हे दोन्ही एकापाठोपाठ घेतले आणि शेवट मार्कस्टाइनला केला.

हिशेब करून पाहा. 34 ला 28 म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 2.55 मीटर पुढे जाते. मिनिटाला 70 फेऱ्या ठेवायच्या तर वेग ताशी 10.7 किलोमीटर हवा. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो असतील, तर साडेआठ टक्क्यांवर त्याला सव्वादोनशेहून जास्त वॉट लागतात, तेही तासभर. तेवढे नसतील तर फेऱ्या पन्नासवर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो. मागे 34 दात लावले की तेवढ्याच फेऱ्यांना ताशी 8.8 किलोमीटर पुरतात आणि गरज 190 वॉटच्या आसपास येते. मात्र कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बदलण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किती दात झेपवतो ते बघा. आखूड पिंजऱ्याचे बरेच जुने डिरेलर 28-30 वर थांबतात. चेनची लांबीही नव्याने मोजावी लागते. ती आखूड राहिली आणि चुकून पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवर गेलात, तर डिरेलर फाटून हातात येईल.

सरासरीवर विश्वास ठेवू नका. मध्ये किलोमीटरभर सपाट आलं की आठाच्या सरासरीत अकरा-बारा टक्के आरामात लपतात. अनेक घाटांवर दर किलोमीटरला छोटी पाटी असते, तिच्यावर माथ्यापर्यंतचं अंतर आणि पुढच्या किलोमीटरची सरासरी लिहिलेली असते. घरबसल्या आखणी करताना मिशलॅंचा कागदी नकाशा अजूनही कामाचा. रस्त्यावर एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के, दोन म्हणजे 9 ते 13, तीन म्हणजे त्याहून जास्त. बाणाचं टोक चढाकडे असतं.

प्रश्न : प्लांश दे बेल फीयचा चढ हौशी माणसाला जमतो का?

उत्तर : जमतो. 5.9 किलोमीटर, साडेआठ टक्के. तूर तिथे पहिल्यांदा 2012 मध्ये गेली आणि क्रिस फ्रूम जिंकला. जुन्या शेवटच्या रेषेआधी 20 टक्क्यांचा तुकडा आहे. 2019 पासून शर्यत कधी कधी त्याच्याही पुढे, कच्च्या रस्त्याने वर नेतात आणि तिथे चढ 24 टक्क्यांपर्यंत जातो. त्या खडीवर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसून राहा, वजन मागे ठेवा. उतरून ढकललं तरी कमीपणा नाही.

याच भागात बालों दाल्झासचा घाटही करा. सँ-मोरिसकडून सुमारे 9 किलोमीटर, सातच्या आसपास टक्के, वळणं मोठी आणि चढ समान. 1905 मध्ये तूरने तो चढवला तेव्हा रने पोतिए सर्वांत आधी वर पोचले. त्यांचं स्मारक माथ्यावर आहे.

प्रश्न : पावसानंतर जंगलातल्या उतारांची भीती वाटते. ब्रेक सतत दाबून ठेवावेत का?

उत्तर : नाही. सतत दाबल्याने पॅड तापून चकाकतात आणि पकड जाते. रिम-ब्रेक असतील तर टायरमधली ट्यूबही तापते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबा आणि वळणात सोडा. डिस्क पॅडवरचा मसाला अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचाच. दौऱ्यावर एक जोडी सोबत हवीच, ओल्या उताराची बारीक वाळू पॅड झपाट्याने खाते.

फर-स्प्रूसच्या दाट सावलीत उत्तर उतारावरचा रस्ता ऊन पडून दोन तास झाले तरी ओला राहतो. कोरड्यातून ओल्यात शिरताना रंग गडद होतो, त्यावर नजर ठेवा. लाकडाचे ट्रक जंगलातून बाहेर पडतात तिथे चिखल आणि सालींचा थर असतो. ओलं लाकूड साबणासारखं निसटतं. उन्हाळ्यात ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली तर रस्त्यावर नुकताच डांबराचा हात देऊन बारीक खडी पसरली आहे असं समजा. मोटारींच्या चाकांनी खडी बाजूला सारून दोन पट्टे स्वच्छ केलेले असतात, त्यातल्या एका पट्ट्यातून जा. मधल्या रेषेवर आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला तिचे ढीग साचतात. 28 मिलिमीटर टायरमध्ये 75 किलोच्या स्वाराला 5 बार हवा पुरे, ओल्यात साडेचार.

आणि विंडचीटर. शंभर मीटरला साधारण 0.6 अंश या हिशेबाने मुन्स्टरला 24 अंश असतील तर ग्रां बालोंवर 18. घामेजलेल्या अंगाने ताशी 50 ने उतरताना ते फार कमी वाटतात.

प्रश्न : वाटेत पाणी आणि खाणं मिळतं का?

उत्तर : कड्यावर फेर्म-ओबेर्ज, म्हणजे गोठ्याला लागून चालणाऱ्या खानावळी आहेत. त्या दुपारचं जेवण ठरावीक वेळेतच देतात आणि बऱ्याच सोमवारी बंद असतात. गावातली दुकानं बाराच्या सुमारास शटर ओढतात, रविवारी दुपारी तर शुकशुकाट. म्हणून दोन बाटल्या मुन्स्टरलाच भरा. हौदाच्या नळावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पाणी प्यायचं नाही.

प्रश्न : फ्रान्समध्ये सायकलीला कोणते नियम लागतात?

उत्तर : रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर परावर्तक जॅकेट सक्तीचं, सोबत पुढे-मागे दिवे. व्होझमध्ये धुकं दुपारीही उतरतं, तेव्हा जॅकेट खिशातच हवं. घंटी लागते. हेल्मेटची सक्ती 12 वर्षांखालच्यांना आहे, पण या उतारांवर वयाचा विचारच नको. दिवसा दोघे शेजारी चालवू शकता, मागून गाडी येऊन पुढे जायचा इशारा दिला की एकामागे एक व्हायचं. गावाबाहेर तुम्हाला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर सोडायचं असतं. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं. छोट्या गावांत गल्लीतून ट्रॅक्टर निघाला तरी हक्क त्याचाच. कानात इअरफोन घातले तर 135 युरो दंड.