चेंडू जिवंत की मृत : नवोदित बेसबॉल पंचांसाठी

पंचगिरीला सुरुवात करताना स्ट्राइक झोनचीच (ज्या हवेतल्या चौकटीतून गेलेला चेंडू ‘स्ट्राइक’ ठरतो तिची) चिंता सर्वांना असते; पण माझ्या मते त्याआधी चेंडू या क्षणी जिवंत (खेळ चालू) आहे की मृत (खेळ थांबलेला), याचे भान अखंड ठेवायला शिकावे. चेंडू मृत असताना कोणी बाद होत नाही आणि त्या अवस्थेत सुरू झालेल्या हालचालीतून धाव मिळत नाही, म्हणून ‘टाइम’ (खेळ थांबवण्याचा पुकार) किंवा ‘फाउल’ (फटका वैध रेषांबाहेर गेल्याचा पुकार) पुकारताना दोन्ही हात वर करून आवाज खणखणीत लावावा. फेअर, म्हणजे वैध रेषांच्या आतल्या, चेंडूला मात्र आवाज न करता केवळ बोटाने मैदानाकडे निर्देश करावा, कारण त्या गोंधळात कोणताही शब्द ‘फाउल’ असा ऐकू जाऊ शकतो आणि धावपटू थबकतात.

फाउल टिप (बॅटला निसटता लागून थेट गेलेला चेंडू फलंदाजामागच्या कॅचरने झेलणे) झाल्यास चेंडू जिवंतच राहतो, हे नवखे पंच हमखास विसरतात. फलंदाजाच्या अंगाला पिच (पिचरने त्याच्याकडे फेकलेला चेंडू) लागला तर, त्याने बॅट फिरवलेली असली तरी, चेंडू मृत होतो. खेळाडू ‘टाइम’ मागतो म्हणून तो द्यायलाच हवा असे नाही. चेंडूवरची हालचाल चालू असेल तर ती संपू द्यावी.

चेंडू पुन्हा जिवंत करण्याची घाईही नको. पिचर चेंडू हातात घेऊन रबरवर (पिचरने पाय ठेवायच्या पट्टीवर) उभा राहिला, कॅचर त्याच्या जागी बसला आणि सहकारी पंच सज्ज दिसले, की मगच पिचरकडे बोट दाखवून ‘प्ले’ पुकारावे.