बँकेला अध्यक्ष किती? अध्यक्ष, सभापती आणि गव्हर्नर

प्रश्न असा आला आहे: "आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. मूळ लेखात 'प्रेसिडेंट' आणि 'चेअर' हे दोन वेगळे शब्द आहेत, 'बोर्ड'ही दोन आहेत. मी सगळीकडे 'अध्यक्ष' लिहिलं, तर वाचणाऱ्याला बँकेला दोन-तीन अध्यक्ष असल्यासारखं वाटतं. 'गव्हर्नर'चं संगणकाने 'राज्यपाल' केलं आहे, तेही खटकतं. शिवाय आताच्या प्रमुख बाई आहेत. त्यांना अध्यक्ष म्हणू की अध्यक्षा?"

शब्द निवडण्याआधी पदं नीट पाहून घेऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. या बँकेचं मुख्यालय बीजिंगला आहे आणि कारभार जानेवारी २०१६मध्ये सुरू झाला. सनदेप्रमाणे तिच्यात दोन मंडळं आहेत. वरचं मंडळ गव्हर्नरांचं. त्यात प्रत्येक सदस्य देश आपला एक गव्हर्नर आणि एक पर्यायी गव्हर्नर नेमतो. भारताच्या बाजूने गव्हर्नरपद अर्थमंत्र्यांकडे असतं. दुसरं मंडळ संचालकांचं, त्यात बारा जण: नऊ आशिया आणि ओशनियातल्या सदस्यांनी निवडलेले, तीन बाहेरच्यांनी. या दोन्हींखेरीज बँकेचा प्रमुख. त्याला गव्हर्नर पाच वर्षांसाठी निवडतात आणि एकदा फेरनिवड होऊ शकते.

आता सनदेतली गंमत पाहा. गव्हर्नरांचं मंडळ प्रत्येक वार्षिक सभेत आपल्यातल्याच एका गव्हर्नरला 'चेअरमन' निवडतं आणि तो पुढच्या निवडीपर्यंत त्या जागी राहतो. बँकेचा प्रमुख मात्र 'प्रेसिडेंट'. तो संचालक मंडळाचा 'चेअरमन'ही असतो, पण तिथे त्याला मत नसतं. दोन्हीकडे सारखी मतं पडली, तरच तो निर्णायक मत देतो. गव्हर्नरांच्या सभेत त्याला बसता येतं, बोलता येतं, मत देता येत नाही. पदावर असेपर्यंत तो स्वतः गव्हर्नर किंवा संचालक असू शकत नाही. म्हणजे तीन खुर्च्या आहेत आणि माणसं दोन. तिन्ही खुर्च्यांना आपण 'अध्यक्ष' म्हटलं, की सनदेने नेमकं जे वेगळं ठेवलंय तेच मराठीत पुसलं जातं.

तुमच्यासारखीच अडचण ब्रिक्स देशांच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेबाबत आणखी ठळक दिसते. जुलै २०१४मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथे झालेल्या ब्रिक्स परिषदेच्या जाहीरनाम्यात ठरलं, की गव्हर्नर मंडळाचा पहिला प्रमुख रशियाचा, संचालक मंडळाचा पहिला प्रमुख ब्राझीलचा आणि बँकेचा पहिला प्रमुख भारताचा. हे मराठीत असं लिहून पाहा: 'पहिले अध्यक्ष रशियाचे, पहिले अध्यक्ष ब्राझीलचे आणि पहिले अध्यक्ष भारताचे.' तीन देशांनी वाटून घेतलेली तीन पदं एका शब्दात विरघळली. त्या बँकेचे पहिले प्रमुख के. व्ही. कामत नेमके कशाचे अध्यक्ष झाले, हे अशा वाक्यातून कोणालाच कळणार नाही.

आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. 'अध्यक्ष'मध्ये 'अक्ष' म्हणजे डोळा आहे. ज्याची नजर कामावर आहे, जो देखरेख करतो, तो अध्यक्ष. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण 'अध्यक्षप्रचार' नावाचंच आहे आणि त्यात सीताध्यक्ष, शुल्काध्यक्ष, पण्याध्यक्ष, नावध्यक्ष असे एकेक खातं सांभाळणारे अधिकारी येतात. शेती, जकात, व्यापार, नौका. यातला कोणी सभा चालवत बसलेला नाही, सगळे कारभार पाहताहेत. 'सभापती'चं तसं नाही. त्याचं नावच सभेवरून पडलं आहे. यजुर्वेदातल्या रुद्रात सभांना आणि सभापतींना लागोपाठ नमस्कार आहेत, इतकी ही जोडी जुनी. थोडक्यात, एक शब्द संस्थेकडे पाहणाऱ्याचा, दुसरा सभेत बसलेल्याचा.

व्युत्पत्तीवरून वापर ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण इथे वापरही बराचसा याच बाजूला आहे. जिल्हा परिषदेला अध्यक्ष असतो आणि तिच्या विषय समित्यांना सभापती. 'बांधकाम सभापती', 'शिक्षण सभापती' हे शब्द गावोगाव रुळलेले आहेत आणि कोणालाही त्यात आणि जिल्हा परिषद अध्यक्षात घोटाळा वाटत नाही. पंचायत समितीला सभापती, बाजार समितीला सभापती. विधिमंडळात मात्र ही वाटणी मोडते. तिथे विधानसभेचे ते अध्यक्ष आणि विधान परिषदेचे ते सभापती, काम एकच, सभागृह चालवण्याचं. लोकसभा आणि राज्यसभेचंही तेच. तिथे शब्द कामावरून पडलेले नाहीत, सभागृहावरून पडले आहेत, आणि ते तसेच राहू द्यावेत. त्यांचा दाखला देऊन बँकेचा प्रश्न सुटणार नाही.

मला सगळ्यात जवळचं उदाहरण साहित्य संमेलनाचं वाटतं. महामंडळाला अध्यक्ष असतात, ते वर्षभर पत्रव्यवहार, घटक संस्था, हिशेब, पुढच्या संमेलनाचं ठिकाण हे सगळं पाहतात. संमेलनाला वेगळे अध्यक्ष असतात, त्यांचा मान मोठा, त्यांचं भाषण लोक वर्षभर लक्षात ठेवतात, पण महामंडळाचा कारभार त्यांच्या हातात नसतो. यजमान गावाकडून आणखी स्वागताध्यक्ष. तीन अध्यक्ष असूनही मराठी वाचक गोंधळत नाही, कारण आपण कधी नुसतं 'अध्यक्ष' म्हणत नाही. संमेलनाध्यक्ष, स्वागताध्यक्ष, महामंडळाचे अध्यक्ष: 'कशाचे' ते शब्दाला चिकटलेलं असतं. बँकेबाबत तीच सवय ठेवा, निम्मं काम तिथेच होतं.

तेव्हा माझं मत असं. बँकेचे प्रमुख ते 'बँकेचे अध्यक्ष'. दर वर्षी गव्हर्नरांतून निवडले जाणारे ते 'गव्हर्नर मंडळाचे सभापती'. बँकेचे अध्यक्ष संचालक मंडळाच्या सभेत बसतात त्या भूमिकेसाठी 'संचालक मंडळाचे पदसिद्ध सभापती'. 'पदसिद्ध' हा शब्द इथे फार कामाचा आहे: ही खुर्ची वेगळी निवडून मिळालेली नाही, पहिल्या पदासोबत आलेली आहे, हे त्या एका शब्दात येतं. मग सनदेतलं ते कलम मराठीत असं उतरतं: 'बँकेचे अध्यक्ष हे संचालक मंडळाचे पदसिद्ध सभापती असतील, परंतु समसमान मतं पडल्यास द्यायच्या निर्णायक मताखेरीज त्यांना मताधिकार असणार नाही.' एका वाक्यात दोन्ही पदं आहेत आणि कुठेही अडखळायला होत नाही.

'चेअरमन' तसाच ठेवला तर? साखर कारखाना, पतसंस्था, सोसायटी, दूध संघ, सगळीकडे 'चेअरमन' आणि 'व्हाइस चेअरमन' मराठीच झाले आहेत. बोलताना मीही तेच म्हणतो. पण आपल्या कानाला कारखान्याचा चेअरमन म्हणजे कारखान्याचा सर्वेसर्वा. गव्हर्नर मंडळाचा चेअरमन तसा अजिबात नसतो, वर्षभरानंतर ती जागा दुसऱ्या देशाकडे जाते. हा शब्द वाचकाच्या मनात नको ते वजन घेऊन येईल, म्हणून या लेखात मी तो टाळीन.

आता 'गव्हर्नर'. 'राज्यपाल' सरळ चूक आहे. राज्यपाल राज्याचा असतो, आणि इथे राज्यच नाही. मूळ शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला, अर्थ जहाजाचं सुकाणू धरणारा. तेव्हा 'कर्णधार मंडळ' अर्थाला जवळचं ठरेल, पण ते वाचून लोकांना क्रिकेट आठवेल. 'नियामक मंडळ' हा पर्याय बरेच जण सुचवतात, शिक्षणसंस्थांमध्ये तो चालतोही. बँकेच्या संदर्भात मात्र 'नियामक' म्हटलं की रिझर्व्ह बँक किंवा सेबी डोळ्यांपुढे येते, म्हणजे बाहेरून नियम लावणारी संस्था. गव्हर्नर बाहेरचे नाहीत, ते भागधारक देशांचे प्रतिनिधी आहेत. आणि 'प्रशासक मंडळ' तर चुकूनही लिहू नका. सहकाराच्या मराठीत 'बँकेवर प्रशासक नेमला' याचा अर्थ संचालक मंडळ बरखास्त झालं, कारभारात काहीतरी गंभीर बिघडलं. ठेवीदाराच्या पोटात गोळा आणणारा हा शब्द आहे. चांगल्या चाललेल्या बँकेच्या सर्वोच्च मंडळाला तो लावणं म्हणजे तिची नाहक बदनामी.

म्हणून 'गव्हर्नर मंडळ'. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना आपण 'गव्हर्नर'च म्हणतो, शब्द परका राहिलेला नाही. फक्त लेखात पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात सांगा, की इथे गव्हर्नर म्हणजे सदस्य देशाने नेमलेला प्रतिनिधी. हे सांगणं का गरजेचं, ते ऊर्जित पटेलांच्या उदाहरणावरून कळेल. ते २०१६ ते २०१८ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आणि २०२२मध्ये आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेत उपाध्यक्ष म्हणून गेले. 'माजी गव्हर्नर आता उपाध्यक्ष' असं वाचल्यावर कोणालाही वाटेल, की ते याच बँकेच्या गव्हर्नर मंडळावर होते. दोन गव्हर्नर पूर्णपणे वेगळे. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर तिचा कारभार चालवतो, इथला गव्हर्नर देशाच्या वतीने मत देतो. ती मतंही सारखी नसतात. अध्यक्ष निवडायला गव्हर्नरांच्या संख्येच्या दोन तृतीयांश आणि एकूण मतशक्तीच्या किमान तीन चतुर्थांश इतका पाठिंबा लागतो. चीनकडे एकट्याकडे सव्वीस टक्क्यांच्या आसपास मतशक्ती आहे, तेव्हा त्याच्या मनाविरुद्ध अध्यक्ष होणं अवघडच. भारत दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण 'उपाध्यक्ष' आला म्हणून सांगतो. आपल्या कानाला उपाध्यक्ष म्हणजे अध्यक्ष नसतील तेव्हा खुर्चीवर बसणारा. या बँकेचे उपाध्यक्ष तेवढ्यापुरते नाहीत. अध्यक्षांच्या शिफारशीवरून संचालक मंडळ त्यांना नेमतं आणि ते एकेक विभाग सांभाळणारे वरिष्ठ अधिकारी असतात. तरी शब्द बदलायची गरज नाही. म्हाडाचे 'उपाध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी' किंवा सिडकोचे 'उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक' हे सनदी अधिकारीच असतात आणि रोजचा कारभार त्यांच्याच सहीने चालतो. मराठी वाचकाला असा काम करणारा उपाध्यक्ष ठाऊक आहे.

'रीजनल मेंबर'साठी 'प्रादेशिक सदस्य' लिहिणार असाल, तर त्या 'प्रादेशिक' शब्दाकडेही एकदा पाहून घ्या. प्रादेशिक भाषा, प्रादेशिक परिवहन कार्यालय, यामुळे प्रादेशिक म्हणजे देशाच्या आतलं, असं मनात पक्कं बसलं आहे. 'प्रादेशिक सदस्य' ऐवजी 'आशिया-ओशनियातले सदस्य' आणि 'त्याबाहेरचे सदस्य' लिहिलं, तर शब्द दोन वाढतील आणि अर्थ चुकणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. पहिले अध्यक्ष जिन लिछुन यांच्या दोन मुदती संपल्यावर जानेवारी २०२६पासून झोऊ जियायी यांच्याकडे पद आलं. त्यांच्यासाठी मी 'अध्यक्ष' लिहीन. 'अध्यक्षा' चूक नाही, संस्कृतच्या वळणाने तो होतोच आणि सभांच्या निमंत्रणपत्रिकांत सर्रास दिसतो. पण पदाचं नाव सनदेत एकच आहे, ते माणसागणिक बदलायला नको. आणि बाई की पुरुष हे सांगायला मराठीत क्रियापद समर्थ आहे. 'राष्ट्रपती म्हणाल्या' यात काही कमी पडतं का? 'सभापती'चं तर स्त्रीलिंगी रूप कोणी शोधायलाही जात नाही. 'बँकेच्या अध्यक्ष झोऊ जियायी यांनी संचालक मंडळाच्या सभेत सांगितलं': इथे 'बँकेच्या' या एका शब्दातच त्या बाई असल्याचं आलं, आणि त्या कशाच्या अध्यक्ष आहेत तेही.