दारावरचे जुने स्टिकर: रंग न उचलता कसे काढायचे

भाऊ, सेकंडहँड पांढरी बोलेरो, दोन्ही दारांवर बियाणे कंपनीचे मोठे स्टिकर, सात-आठ उन्हाळे खाऊन तडकलेले, नखानं ओढले की चुरा पडतो, असं तुम्ही लिहिलंय. यात स्टिकर किती जुना आहे यापेक्षा गाडी सेकंडहँड आहे ही गोष्ट मोठी. स्टिकरखालचा रंग कंपनीचा आहे की नंतर गॅरेजात मारलेला, हे आधी बघा.

कंपनीचा रंग साधारण १४० अंशांवर भट्टीत भाजलेला असतो. स्टिकर काढायला लागणाऱ्या ६० अंशांनी त्याला काही होत नाही. पुट्टीवर मारून नुसता वाळवलेला रंग मात्र स्टिकरसोबत पापुद्र्यासारखा निघून येऊ शकतो. दाराच्या रबराची कड उलटून पाहा; रबरावर किंवा बिजागरीवर रंगाचे तुषार असतील तर दार पुन्हा रंगवलेलं आहे. लोहचुंबक कापडात गुंडाळून दारभर फिरवा. जिथं पकड ढिली, तिथं पुट्टी. शेवटची खात्री म्हणून दाराच्या बाहेरून, अगदी खालच्या कडेला, थिनरचा बोळा एकदाच पुसा. रंग कापसावर उतरला तर तो एनसी पेंट आहे, म्हणजे गॅरेजात मारून नुसता हवेत वाळवलेला, थिनरनं पुन्हा विरघळणारा रंग. अशा दारावर फक्त कोमट पाणी आणि तेल वापरा, आणि कोपऱ्यात रंग उचलताना दिसला की तिथंच थांबा. उरलेला स्टिकर राहू दिलेला परवडतो.

आता धुणं. काळ्या मातीच्या धुळीत चुनखडीचे बारीक कंकर असतात. कोरडं फडकं फिरवलं की रंगावर जाळं उमटलंच. आधी भरपूर पाणी ओता, मग शाम्पूच्या पाण्यानं धुवा.

वेळ सकाळी आठ-नऊची, गाडी सावलीत. मे महिन्याच्या दुपारी उन्हानं आयता गरम झालेला पत्रा सोयीचा वाटतो, पण तेव्हा गोंद चिकासारखा पातळ होऊन तारा सुटतात आणि सगळा रंगावरच राहतो. डिसेंबरच्या गारठ्यात उलट, स्टिकर काचेसारखा तुटतो.

हेअर ड्रायर असला तर एक वीत अंतरावरून, हलता ठेवून, एका वेळी वीतभर जागा अर्धा-एक मिनिट तापवा. तळहात दोन-तीन सेकंद टेकवता आला पाहिजे. चटका बसला तर जास्त झालं. वेल्डिंगवाल्याची हीट गन नको, एका जागी क्षणभर थांबली तरी रंगाला फोड येतो. लाइट नसेल तर उकळतं आणि साधं पाणी सारखं मिसळा. ते साधारण ६० ते ६५ अंशांचं होतं. त्यात जुना टॉवेल भिजवून पाच मिनिटं दाबून ठेवा. छोट्या इन्व्हर्टरवर ड्रायर चालवू नका, तो हजार वॉटच्या आसपास ओढतो.

कोपरा सुटला की स्टिकर बाहेर, स्वतःकडे ओढायचा नाही. मागं दुमडून, पत्र्याला लगटून, हळू ओढा. सेकंदाला अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त नको. झटका दिला की स्टिकर फाटतो आणि गोंद मागं राहतो. चुरा पडत असेल तिथं जुनं एटीएम कार्ड वापरा, कोपरे घासून गोल केलेलं. ब्लेड आणि पत्रा यांची गाठ पडू देऊ नका. रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर असला, तर तो ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक.

तडकलेल्या स्टिकरला तेल फार कामाचं. भेगांतून आत जातं. एका दाराला पाव वाटी खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल चोपडा, वरून पन्नी चिकटवा, तासभर सोडा. घरात जवसाचं तेल असलं तरी ते नको. ते हवेत सुकून वार्निशसारखं घट्ट बसतं.

उरलेल्या गोंदाला फडक्यावर रॉकेल घेऊन तीन-चार मिनिटं भिजवा आणि गोल न घासता एका दिशेनं पुसा. शेवटचा चिकटपणा मेडिकलमधल्या स्पिरिटनं जातो. यातलं काहीही लावण्याआधी ड्रायर बंद करून दूर ठेवा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर या कामाला नकोत. ते गोंदाबरोबर रंगही मऊ करतात. झाल्यावर लगेच शाम्पूनं धुवा, तेलकट थर राहिला तर त्यावर धूळ बसते.

अक्षरांची सावली राहील, त्याची तयारी ठेवा. तिथला रंग खराब झालेला नसतो, झाकलेला असल्यानं ताजा राहिलेला असतो. उतरलेला असतो तो आजूबाजूचा. म्हणून रबिंग कंपाउंड (रंग घासून उजळवायची पेस्ट) अक्षरावर नाही, भोवतालच्या भागावर, फूटभर जागेत हलक्या हातानं दोन-तीन फेऱ्या. साध्या पांढऱ्या रंगावर क्लिअर कोट नसेल तर फडकं पांढरं होईल, त्यात घाबरण्यासारखं नाही, पण धारांवर आणि उठावांवर घासू नका, तिथं प्रायमर लवकर उघडा पडतो. नंतर वॅक्स. एवढं करूनही पुसट अक्षरं दिसली तर अजून घासू नका. उघडा पडलेला तो भागही आता ऊन खाईल, आणि एक-दोन उन्हाळ्यांत फरक बराच कमी होईल.