ते ‘रेडियम’ नव्हेच!

प्रश्न : मुलीच्या खोलीत छताला चांदण्या चिकटवल्या आहेत. दिवा घालवला की हिरव्या चमकतात. दुकानदार म्हणतो, रेडियम आहे. ट्रॉलीमागच्या पट्टीलाही आपण रेडियमच म्हणतो. दोन्ही एकच का? पोरीला काही अपाय?
– एक केळी उत्पादक, ता. यावल

उत्तर : आपल्याकडे अंधारात दिसेल ते रेडियम! नंबरप्लेटवर अक्षरं चिकटवणाराही रेडियमवाला. दोन्हींत रेडियमचा, म्हणजे त्या किरणोत्सारी धातूचा, कणही नाही, पोरीला खुशाल झोपू द्या. पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीचा झोत पडला तर ती तो आल्या वाटेने परत धाडते, एवढंच.

चांदणीची गोष्ट खरी मजेची. तिच्यात स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची भुकटी असते आणि त्यात चिमूटभर युरोपियम नि डिस्प्रोशियम, दोघेही लँथनाइड नावाच्या धातूंच्या घराण्यातले. उजेड पडला की युरोपियमचा इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि स्फटिकातल्या एखाद्या सापळ्यात अडकतो. डिस्प्रोशियममुळे हे सापळे खोल होतात. खोलीतल्या उबेने एकेक इलेक्ट्रॉन हळूहळू सुटतो, युरोपियमकडे परततो आणि हिरवा उजेड पडतो, साधारण 520 नॅनोमीटर तरंगलांबीचा. 1990च्या दशकात जपानमध्ये ही भुकटी निघाली. आधीचं झिंक सल्फाइड फार लवकर मावळायचं.

उबेचं खोटं वाटत असेल तर मी भुसावळात, ऐन मे महिन्यात केलं ते करून पाहा. चांदणी ट्यूबखाली धरली आणि फ्रीजमधली भरताची वांगी सरकवून बर्फाच्या खणात टाकली. अर्ध्या तासाने काढली तर पार मलूल. तळहातावर धरली, आणि दिवा न लावताच उजळली! घरच्यांना मात्र वांग्यांचीच काळजी.

पिवळ्या बल्बखाली ती नीट भरत नाही, निळसर उजेड लागतो. चांगल्या प्रतीच्या फ्लुओरोसंट ट्यूबमधला लाल रंगही युरोपियमचाच बरं का, 611 नॅनोमीटरचा. तिथे त्याने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, चांदणीत दोन.

खरं रेडियम हवंच असेल तर ट्रंकेत 1960च्या आधीचं, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ आहे का पाहा. काटे आता चमकत नसतील, कारण रेडियमच्या किरणांनी चमकणारं त्यातलं झिंक सल्फाइड थकलं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र 1600 वर्षांचं आहे, म्हणजे ते निम्मं व्हायलाच एवढी वर्षं लागतात. तेव्हा काच उघडून रंग खरवडू नका.