पेटी गेली, पथ्यं आली
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवायची प्रणाली विकणारी व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये विकत घेतली, डिसेंबरात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं आणि वर्गणीचा हिशेब प्रोसेसरच्या कोअरवर आला. तेव्हापासून प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशिनं चालवणारी पर्यायी प्रणाली) आणि सेफ (अनेक सर्व्हरांच्या डिस्का मिळून एक साठा करणारं सॉफ्टवेअर) ही नावं लहान संस्थांच्या सर्व्हर रूममध्येही ऐकू येतात. या वेळचे जवळपास सगळे प्रश्न त्याच वाटेवरचे आहेत.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत तीन सर्व्हर आणि एक सॅन पेटी (सर्व्हरांची सामाईक डिस्कपेटी) आहे. पेटीची वॉरंटी संपली. पुरवठादार म्हणतो, पेटी काढा, प्रत्येक सर्व्हरमध्ये ३.८४ टीबीच्या चार एसएसडी घाला आणि सेफ बसवा, ४६ टीबी मिळतील. हे खरं का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर: ४६ टीबी ही डिस्कांची बेरीज झाली. वापरायला मिळणारी जागा त्याच्या पाव भागापेक्षाही कमी आहे. सेफ प्रत्येक माहितीच्या तीन प्रती ठेवतं, दर सर्व्हरवर एक. म्हणजे ४६.०८ भागिले ३, उरले १५.३६ टीबी. इथवरचा हिशेब बरेच जण करतात आणि तिथेच थांबतात.

पुढचा हिशेब असा. एका सर्व्हरमधली एक डिस्क गेली, की तिच्यावरची माहिती त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कांवर पुन्हा लिहिली जाते. बाकीच्या दोन सर्व्हरांवर आधीच एकेक प्रत असते, त्यामुळे तिकडे ती जाऊ शकत नाही. डिस्का ७० टक्के भरलेल्या असतील तर उरलेल्या तिघींवर ९३ टक्के येऊ पाहणार. सेफ ८५ टक्क्यांना इशारा देतं, ९० टक्क्यांना त्या डिस्कवर भरणा थांबवतं, आणि एकही डिस्क ९५ टक्क्यांवर गेली की लिहिणंच बंद करतं. तेव्हा सगळी व्हर्च्युअल मशिनं जागच्या जागी गोठतात. शिवाय डिस्का कधीच सारख्या भरत नाहीत, चार-पाच टक्के इकडेतिकडे असतंच. म्हणून चार डिस्कांच्या सर्व्हरवर ६३ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. म्हणजे तुमच्या हाती साडेनऊ टीबी. दर सर्व्हरला दोनच मोठ्या डिस्का घेतल्या तर ही मर्यादा थेट ४२ टक्क्यांवर येते. त्यामुळे थोड्या मोठ्या डिस्कांपेक्षा जास्त लहान डिस्का बऱ्या.

मेमरीचंही तसंच. प्रत्येक डिस्कमागे सेफची एक प्रक्रिया चालते आणि ती ठरावीक मांडणीत ४ जीबीचं लक्ष्य धरते. हे लक्ष्य आहे, कुंपण नव्हे. डिस्क भरून काढताना ती त्यापुढे जाते. चार डिस्का, सेफचे मॉनिटर आणि मॅनेजर (देखरेखीच्या प्रक्रिया) धरून दर सर्व्हरवर २४ जीबी बाजूला ठेवा आणि ती व्हर्च्युअल मशिनांना वाटू नका. रेड कार्ड (अनेक डिस्का एक करून दाखवणारं) असेल तर ते एचबीए मोडमध्ये, म्हणजे डिस्का जशाच्या तशा दाखवणाऱ्या मोडमध्ये, न्या. सेफला डिस्क थेट दिसली पाहिजे, कार्डाच्या कॅशमागून नव्हे.

नेटवर्कवर मात्र काटकसर नको. प्रत्येक लेखन आधी एका डिस्कवर जातं, तिथून दोन सर्व्हरांकडे, आणि तिन्हींकडून होकार आल्यावरच मशिनला "लिहिलं" असं कळतं. १० गिगाबिटची तार सेकंदाला जेमतेम सव्वा जीबी वाहते. एकटी एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) ती भरून टाकते. तीनच सर्व्हर असतील तर महागडा स्विच वाचवता येतो. प्रत्येकात दोन पोर्टांचं २५ गिगाबिट कार्ड आणि एकूण तीन डॅक केबली (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तांब्याच्या तारा), प्रत्येक सर्व्हर इतर दोघांना थेट जोडलेला. चौथा सर्व्हर आला की मात्र स्विच घ्यावाच लागेल, ते आत्ताच मनाशी धरा.

जाता जाता, या सेफचा इंग्रजी 'सेफ'शी संबंध नाही. ऑक्टोपसच्या सेफॅलोपॉड वर्गावरून ते नाव आलंय.

प्रश्न: आमच्याकडे दोनच सर्व्हर आहेत. दोन प्रती ठेवून सेफ चालवलं तर?
– वाचक, नाशिक

उत्तर: चालेल, आणि एक दिवस माहिती जाईल. सेफची ठरावीक मांडणी तीन प्रती आणि किमान दोन अशी आहे. म्हणजे दोन प्रती हजर असतील तरच लिहू द्यायचं. दोन प्रती आणि किमान एक असं केलंत, तर पहिला सर्व्हर देखभालीसाठी बंद असताना दुसऱ्यावर नवं लेखन चालूच राहतं. तेवढ्यात दुसऱ्याची डिस्क गेली, तर नवी माहिती कुठेच नाही; पहिल्यावर आहे ती शिळी. किमान दोनच ठेवलंत, तर एक सर्व्हर बंद होताच सगळं थांबतं. मग दोन सर्व्हर घेऊन मिळवलं काय?

मतांचाही प्रश्न आहे. क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारे सर्व्हर, बहुमत असेल तरच काम करतं. दोन जणांच्या क्लस्टरमध्ये बहुमत म्हणजे दोनच. मधली तार तुटली की कोणाचंच बहुमत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये तिसरं मत क्यूडिव्हाइसवर, म्हणजे फक्त मत देणाऱ्या बाहेरच्या संगणकावर, ठेवता येतं. जुना छोटा संगणक पुरतो, फक्त तो या दोन सर्व्हरांवरचं व्हर्च्युअल मशिन नको. स्टोरेजसाठी झेडएफएस (डिस्कांवर माहिती मांडणारी फाइल सिस्टिम) घ्या आणि प्रॉक्समॉक्सची प्रतिकृती लावा. ती दर १५ मिनिटांनी बदल पलीकडे पाठवते. अंतर कमी करून एका मिनिटावर आणता येतं. सर्व्हर अचानक गेला तर शेवटच्या फेरीनंतरचं काम जाईल. दवाखान्याच्या नोंदींना किंवा कारखान्याच्या काट्याला हे चालेल का, हे तिथल्या माणसांना विचारूनच ठरवा.

प्रश्न: रात्री बॅकअप सुरू झाला की कधी कधी तिन्ही सर्व्हर एकदम रीस्टार्ट होतात. वीज नीट आहे, मेमरी तपासली, तापमानही ठीक.
– वाचक, इचलकरंजी

उत्तर: हार्डवेअर बदलू नका. कोरोसिंक (सर्व्हरांना एकमेकांची हजेरी कळवणारं सॉफ्टवेअर) कोणत्या तारेवर आहे ते पाहा. बहुतेक वेळा सेफ, बॅकअप आणि कोरोसिंक एकाच तारेवर असतात. कोरोसिंकचे निरोप चिमुकले, पण वेळेचे कडक. उशीर पाच मिलिसेकंदांच्या आत हवा. बॅकअपने तार भरली की निरोप अडकतात आणि प्रत्येक सर्व्हरला वाटतं, आपण एकटे पडलो. उच्च उपलब्धता (बंद पडलेल्या सर्व्हरवरची मशिनं दुसऱ्यावर आपोआप उठवण्याची सोय) चालू असेल तर बहुमत गमावलेला सर्व्हर साधारण मिनिटभरात वॉचडॉग या पहारेकरी टाइमरकडून स्वतःला रीस्टार्ट करतो, म्हणजे तेच मशिन दोन जागी चालू राहू नये. तिघांनाही एकटं वाटलं, तिघेही रीस्टार्ट झाले. यंत्रणा बिघडली नाही, सांगितलं तेच तिने केलं.

त्या वेळेच्या नोंदींमध्ये "रीट्रान्समिट" किंवा केनेटची (कोरोसिंकचे निरोप वाहणाऱ्या भागाची) "लिंक डाउन" अशी ओळ सापडेल. उपाय स्वस्त आहे. मदरबोर्डवरचं १ गिगाबिट पोर्ट आणि साधा वेगळा स्विच कोरोसिंकला द्या, त्याला पहिला प्राधान्यक्रम द्या आणि सेफची तार दुसरा दुवा म्हणून जोडा. बॅकअपच्या वेगालाही मर्यादा घाला.

प्रश्न: व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कच्या आतून दुसरं नेटवर्क नेण्याची पद्धत) लावलं. पिंग व्यवस्थित जातं, पण रिमोट डेस्कटॉप काळा पडदा दाखवून थांबतो आणि मोठ्या फाइली मध्येच अडकतात. फायरवॉल बंद करून पाहिली, फरक नाही.
– वाचक, पुणे

उत्तर: लहान निघतं, मोठं अडकतं, ही एमटीयूची, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराची, खूण. व्हीएक्सलॅन तुमच्या पाकिटावर दुसरं पाकीट चढवतं. बाहेरचं इथरनेट १४ बाइट, आयपी २०, यूडीपी ८ आणि स्वतःचं शीर्ष ८, मिळून ५०. आतलं मशिन १५०० बाइटचं पाकीट पाठवतं, ते फुगतं, आणि १५००लाच अडणारा मधला स्विच ते मुकाट्याने टाकून देतो. राउटर असता तर "एवढं मोठं चालत नाही" असा निरोप परत पाठवला असता. स्विच तसं काही सांगत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

दोन वाटा आहेत. मधल्या सगळ्या पोर्टांचा आणि सर्व्हरच्या कार्डांचा एमटीयू १५५०च्या वर न्या. नेहमीचा आकडा ९०००. एकही दुवा राहिला तर सगळं फुकट. काही स्विचांवर हा बदल पूर्ण स्विचसाठी एकच असतो आणि रीस्टार्ट मागतो, तेव्हा तो सुट्टीच्या दिवशीच करा. दुसरी वाट म्हणजे मशिनांचा एमटीयू १४५० करणं. प्रॉक्समॉक्समध्ये व्हर्टआयओ कार्डाच्या (मशिनच्या आभासी नेटवर्क कार्डाच्या) एमटीयू रकान्यात १ लिहिलं की ब्रिजचाच (सर्व्हरमधल्या आभासी स्विचचाच) आकडा उचलला जातो. जिथे स्विच दुसऱ्याच्या ताब्यात आहे, तिथे हीच वाट.

तपासताना साधं पिंग उपयोगाचं नाही. पाकिटाचे तुकडे करू नयेत हा पर्याय लावा आणि आकार द्या. १५०० तपासायला १४७२, १४५०ला १४२२, ९०००ला ८९७२. उरलेले २८ बाइट पिंगचं स्वतःचं शीर्ष खातं. पहिल्या वाटेत सर्व्हर ते सर्व्हर ८९७२ गेलं आणि मशिन ते मशिन १४७२ गेलं, की रिमोट डेस्कटॉप उघडून पाहा. सेफच्या तारेवर ९००० ठेवलं असेल तर तिथेही हीच चाचणी करा.

प्रश्न: व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं करण्याची पद्धत) जुनं झालं का? सल्लागार म्हणतात, आता सगळीकडे व्हीएक्सलॅनच हवं.
– वाचक, मडगाव

उत्तर: एका इमारतीत दहा-वीस नेटवर्कं असतील तर व्हीलॅन पुरे. व्हीलॅनचा क्रमांक १२ बिटांचा, म्हणून ४०९४ची मर्यादा; व्हीएक्सलॅनचा २४ बिटांचा, म्हणून दीड कोटीच्या वर. ही अडचण महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांत शेकडो ग्राहक सांभाळणाऱ्यांची आहे, तुमची नव्हे. वेगळ्या इमारतींमध्ये एकच नेटवर्क ताणायचं असेल तेव्हा पुन्हा लिहा.

प्रश्न: सेफ बसवलं, एसएसडीच घातल्या, तरी टॅली आणि एसक्यूएल डेटाबेस जुन्या पेटीपेक्षा हळू.
– वाचक, जळगाव

उत्तर: एसएसडी कुठल्या, ते तुम्ही लिहिलं नाही, उत्तर बहुधा तिथेच आहे. सेफ आणि डेटाबेस दोघंही प्रत्येक नोंदीनंतर विचारतात, "पक्कं लिहिलं ना?" डेटा सेंटरच्या एसएसडीत कपॅसिटर असतात. वीज गेली तरी कॅशमधलं तेवढ्यात चिपवर उतरवता येतं, म्हणून ती लगेच होकार देते. दुकानात मिळणाऱ्या घरगुती एसएसडीत ते नसतात, तिला खरोखर चिपवर लिहूनच उत्तर द्यावं लागतं. खोक्यावरचा सेकंदाला काही हजार एमबीचा आकडा इथे कामाचा नाही.

एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या साधनाने मोजा. ४ केबीचे तुकडे, रांगेची खोली १, सिंक आणि डायरेक्ट चालू, ६० सेकंद. घरगुती डिस्क सेकंदाला काहीशे लेखनांवर घुटमळते, कपॅसिटरवाली हजारोंमध्ये जाते. सावधान, पूर्ण डिस्कवर ही चाचणी लावली तर तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. क्लस्टरबाहेरच्या कोऱ्या डिस्कवरच करा. डिस्का बदलताना एकेक बदला आणि सेफची प्रकृती पुन्हा हिरवी झाल्याशिवाय पुढची काढू नका.

प्रश्न: व्हीएमवेअरवरची विंडोज मशिनं प्रॉक्समॉक्सवर आणली की निळा पडदा येतो.
– वाचक, अहिल्यानगर

उत्तर: विंडोजला व्हर्टआयओ डिस्कचा ड्रायव्हर सुरुवातीलाच हवा असतो. मशिन आधी साटा डिस्कवर सुरू करा. सोबत एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ स्कझी डिस्क जोडा, ड्रायव्हर बसवा, ती छोटी डिस्क विंडोजला दिसली की मशिन बंद करून मुख्य डिस्क स्कझीवर न्या आणि बूटचा क्रम तपासा. व्हीएमवेअर टूल्स मशिन इकडे आणण्यापूर्वीच काढा, नंतर ते निघायला कुरकुरतात. आयपी पत्ता कागदावर टिपून ठेवा, कारण नेटवर्क कार्ड नवं दिसतं. प्रॉक्समॉक्स ८.२पासून व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरून थेट आयात करता येते, पण हे ड्रायव्हरचं काम ती तुमच्यासाठी करत नाही.

प्रश्न: आमच्याकडे वीज चार-पाच तास जाते, यूपीएस अर्धा तास टिकतो. क्लस्टर बंद-चालू करण्याचा क्रम काय?
– वाचक, लातूर

उत्तर: यूपीएसला दहा मिनिटं उरायच्या आत सुरुवात करा. आधी उच्च उपलब्धता थांबवा, नाहीतर बंद केलेली मशिनं ती पुन्हा उठवते. मग सगळी व्हर्च्युअल मशिनं बंद करा. मग सेफचे नोआउट, नोबॅकफिल, नोरिकव्हर, नोरीबॅलन्स हे झेंडे (माहिती हलवू नको, असं सेफला सांगणाऱ्या खुणा) लावा. लावले नाहीत तर दहा मिनिटं न दिसलेली डिस्क सेफ हिशेबातून काढतं. त्यानंतर सर्व्हर एकेक करून बंद, शेवटी स्विच.

चालू करताना उलटा क्रम. स्विच आधी, आणि तो पूर्ण उठेपर्यंत थांबा. मग तिन्ही सर्व्हर. एकच उठवून त्याला जबरदस्तीने बहुमत देऊ नका. घड्याळं तपासा, मॉनिटरांमध्ये ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक पडला की सेफ तक्रार करतं. इथे एक फजिती नेहमी होते. वेळ देणारा आणि नाव शोधून देणारा सर्व्हर क्लस्टरमधलंच व्हर्च्युअल मशिन असतो. ते उठायला क्लस्टर हवं आणि क्लस्टरला ते. वेळ राउटरवरून घ्या आणि सर्व्हरांची नावं-पत्ते प्रत्येकाच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहा. सगळ्या डिस्का हजर दिसल्यावर झेंडे काढा, मग मशिनं, त्यातही डेटाबेस आधी.

हा क्रम छापून रॅकच्या दारावर चिकटवा. वीज जाते तेव्हा माहितगार माणूस हजर असेलच असं नाही, आणि क्लस्टरवर ठेवलेली फाइल तेव्हा उघडत नाही.